पाण्याच्या दिवशी गड्डूनं आईंच्या गोळ्या खाल्ल्या

आमच्याकडं जुळे सोलापुरात पाणी कधी चौथ्या दिवशी येतं कधी पाचव्या, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरात दुसरं काही होत नाही हे सोलापूरकरांना सांगायला नको. 23 फेब्रुवारीचा रविवार असाच पाण्याचा दिवस होता. मी मोटर, टाकी, पिंप, बादल्या यात, लेक टेरेसवर टाकी भरली का बघायला, आणि सासूबाई, म्हणजे आई, देवपूजेला. नवरा पुण्यात, तो एक आड एक शनिवारी येतो, त्या आठवड्यात आला नव्हता. आणि गड्डू मोकळा.

गड्डू म्हणजे आमचं कुत्र्याचं पिल्लू, गावठीच. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानाच्या बाहेर एका उसाच्या गाड्याखाली कुडकुडत बसलेलं लेकीला दिसलं, म्हणून नाव गड्डू. त्या रविवारी अंदाजे अकरा आठवड्यांचा असेल. चार दिवस आधी जंताचं औषध द्यायला नेलं होतं तेव्हा वजन 4.2 किलो भरलं होतं. हा आकडा मला पाठ होता आणि तो पाठ होता म्हणून पुढची दहा मिनिटं वाचली.

सव्वानऊ वाजता मोटर बंद करून आत आले तर हा आईंच्या पलंगाखाली बसून काहीतरी कुरतडतोय, चुर्र चुर्र आवाज येतोय. मला वाटलं बिस्किटाचा कागद. ओढून काढलं तर गोळ्यांची स्ट्रिप. आईंची गुडघेदुखीची गोळी, आयबुप्रोफेन 400 आणि पॅरासिटामोल 325 एकत्र असलेली. दहाच्या स्ट्रिपमध्ये तीन गोळ्या शाबूत, बाकी सगळ्या चिंध्या.

आणि गड्डू एकदम मजेत, शेपूट हलवतोय, स्ट्रिप परत द्या म्हणून उड्या मारतोय. मला क्षणभर खरंच वाटलं की काही नाही होणार, माणसांची साधी अंगदुखीची गोळी आहे, आपण लेकराला ताप आला की पॅरासिटामोल देतोच की. नंतर डॉक्टर म्हणाले की बहुतेक लोक इथंच दोन-तीन तास घालवतात, कारण पहिला तासभर पिल्लू अगदी नॉर्मल दिसतं, आणि नेमका तोच वेळ पोटातून औषध बाहेर काढायचा असतो.

जंताचं औषध दिलेल्या डॉक्टरांचा नंबर होता, लावला. दुसऱ्यांदा उचलला. त्यांनी घाबरवलं पण नाही आणि धीर पण दिला नाही, नुसते प्रश्न. कुठली गोळी, स्ट्रिपवर काय लिहिलंय वाचून दाखवा. किती मिलिग्रॅम. किती खाल्ल्या. किती वाजता. वजन किती. उलटी झाली का. स्ट्रिपचा कागद पण गिळलाय का. मी वजन सांगितलं, वेळ सांगितली, म्हणजे साडेआठला पाणी आलं तेव्हा तो माझ्या पायात होता, त्यामुळं 8:30 ते 9:15 च्या मध्ये. पण किती खाल्ल्या यावर अडकले. डॉक्टर म्हणाले, "स्ट्रिप, कागदाचे तुकडे, सगळं पिशवीत घालून घेऊन या. मी दवाखाना उघडतो. घरी काही पाजू नका. दूध नको, मीठपाणी तर अजिबात नको."

आणि मी फोन ठेवला तेव्हा शेजारच्या काकू स्टीलच्या पेल्यात मीठपाणी ढवळतच होत्या. त्यांचा काही दोष नाही, आमच्या सगळ्यांच्या घरात विष पोटात गेलं की मीठपाणी हेच माहीत आहे. पण एवढ्याशा पिल्लाच्या अंगात मीठ जास्त झालं तर त्यानंच झटके येतात, म्हणजे गोळीचं बाजूला आणि मिठाचंच विष होऊन बसायचं. जखमेवर लावायची हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली पण घरात होती आणि ते पाजून उलटी करतात असं मी कुठंतरी वाचलं होतं. बरं झालं हात लावला नाही. आपल्याकडं मेडिकलमध्ये जी मिळते ती बहुतेक 20 व्हॉल्यूम म्हणजे 6 टक्क्यांची असते, आणि कुत्र्याला डॉक्टर देतात ते 3 टक्क्यांचं, तेही वजनावर मोजून. सरळ बाटलीतलं पाजलं असतं तर अन्ननलिका भाजली असती.

आता किती खाल्ल्या. आईंना विचारलं, गुरुवारी नवीन स्ट्रिप आणली, रोज रात्री एक. म्हणजे गुरुवार, शुक्रवार, शनिवार, तीन गेल्या. दहातून तीन गेल्या, सात राहिल्या. तीन शाबूत. चार कुठं? मी आणि लेक दोघी जमिनीवर आडव्या पडलो, मोबाईलचा टॉर्च लावून, पलंगाखाली कपाटाखाली. एक गोळी सापडली, पूर्ण, फक्त ओली. म्हणजे तीन पोटात. आई देवघरासमोर उभ्या, हातात अजून घंटी, आणि तोंडातून शब्द नाही.

शेजारच्या काकूंचा मुलगा गाडी काढून उभाच होता. मी मागं बसले, मांडीवर भाजीची प्लास्टिकची बास्केट, त्यात टॉवेल आणि गड्डू. "काय खाल्लास बे तू," एवढंच तो गड्डूला म्हणाला आणि विजापूर रोडनं सुटला. कंबर तलावापाशी गड्डूच्या तोंडातून लाळ सुरू झाली, तोपर्यंत मी देवाचं नाव पण घेतलं नव्हतं, तिथं घेतलं.

दवाखाना सात रस्त्याच्या पुढं आहे, 9:50 ला पोचलो. पहिल्यांदा परत वजन केलं, 4.4 आलं, पण डॉक्टरांनी हिशोब 4.2 वरच केला. कागदावर माझ्यासमोर मांडला: तीन गोळ्या म्हणजे आयबुप्रोफेन 1200, भागिले 4.2, किलोला साधारण 285 मिलिग्रॅम. पॅरासिटामोल 975, किलोला 232. कुत्र्यात पॅरासिटामोल किलोला शंभराच्या पुढं गेलं की लिव्हरला धोका, आणि आयबुप्रोफेन पावणेदोनशेच्या आसपास गेलं की किडनीला. आमचे दोन्ही आकडे पार पुढं.

एक संमतीपत्र होतं, त्यावर सही केली, न वाचता. नंतर वाचलं, उपचारादरम्यान जनावर दगावल्यास वगैरे. आधी वाचलं असतं तर हात थरथरला असता, त्यामुळं न वाचलेलं बरं झालं असं मला वाटतं, तुम्हाला पटेल का नाही माहीत नाही.

मग त्यांनी तेच पेरॉक्साइड निम्मं पाणी घालून, सिरिंजनं मोजून, थोडंसं पाजलं. सहा-सात मिनिटांत उलटी. पहिल्या उलटीत सकाळचा भात आणि केशरी रंगाचे तुकडे, दुसऱ्यांदा फेस आणि स्ट्रिपच्या कागदाचा एक कपटा. मी घरून आणलेले कागदाचे तुकडे टेबलावर जोडत बसले होते, कोडं जुळवल्यासारखं, आणि तो कपटा धुवून ठेवल्यावर स्ट्रिप पूर्ण झाली. डॉक्टर म्हणाले हे बरं झालं, धारदार कागद आत नाही.

तेवढ्यात आईंचा फोन. मला वाटलं विचारायला केलाय. तर म्हणाल्या, "अगं ऐक, रागावू नको. शनिवारी दुपारी पण एक घेतली होती मी. तुला सांगितलं नव्हतं."

झालं असं की आईंना बीपी आहे आणि पेनकिलर रोज घेऊ नका म्हणून मी सतत त्यांच्या मागं लागते. मग त्या काय करतात, मी शाळेत गेल्यावर घेतात. माझ्या बोलण्यानं गोळ्या कमी झाल्या नव्हत्या, फक्त मोजणीतून गेल्या होत्या. म्हणजे गड्डूनं दोनच खाल्ल्या होत्या. किलोला 190 आणि 155. मी डॉक्टरांना आनंदानं सांगितलं, ते म्हणाले चांगलंय, पण उपचार तीन धरूनच करू. कमी धरले आणि चुकलं तर पिल्लू जाईल, जास्त धरले आणि चुकलं तर सलाईन जास्त होईल, एवढंच.

मग उलटी थांबायचं इंजेक्शन, आणि ती थांबल्यावर चारकोल. काळी भुकटी पाण्यात कालवून सिरिंजनं थोडी थोडी. उरलेलं औषध ती धरून ठेवते आणि शीवाटे बाहेर काढते. घाईत पाजली आणि श्वासनलिकेत गेली तर न्यूमोनिया, म्हणून हे काम वीस मिनिटं चाललं. माझा पिवळा कुर्ता कायमचा गेला.

पॅरासिटामोलवर उतारा आहे, एन-ॲसिटिलसिस्टीन, माणसांना पण तोच देतात. दवाखान्यात नव्हता. काकूंचा मुलगा निघाला, दोन मेडिकलमध्ये नाही मिळाला (एक तर रविवार म्हणून बंदच), तिसऱ्या ठिकाणी सिव्हिलसमोर मिळाला. इंजेक्शन आणि 600 मिलिग्रॅमच्या पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या, दोन्ही. कफासाठी माणसं घेतात त्याच गोळ्या. टीप म्हणून सांगते, असं औषध आणायला पाठवताना चिठ्ठीचा फोटो काढून व्हॉट्सॲप करा, नाव तोंडी सांगून कुणाच्या लक्षात राहत नाही, तो पहिल्या मेडिकलमधून फोन करून "वहिनी, सिस्टीन का सिस्टिन" विचारत होता.

पहिला डोस बारा वाजता शिरेतून, हळूहळू. तोंडानं दिला असता तर पोटातल्या चारकोलनं तोच धरून ठेवला असता. त्यानंतर दर सहा तासांनी सात डोस, पहिल्याच्या निम्मे, तोंडानं, घरी. पुढच्या पायाला कॅन्युला, म्हणजे शिरेत बसवलेली बारीक नळी, लहान बाळांचा सलाईनचा सेट, पोटासाठी पँटोप्राझोल.

सलाईन अडीच-तीन तास चाललं. डॉक्टरांना मी विचारलं की एवढ्याशा गोळीनं असं कसं. ते म्हणाले, ही गोळी दुखणं ज्या मार्गानं थांबवते त्याच मार्गानं जठराचं अस्तर आणि किडनीचा रक्तपुरवठा सांभाळला जातो, कुत्र्यात तो मार्ग लवकर कोलमडतो, आणि लहान पिल्लाचं लिव्हर-किडनी अजून तयारच होत असतात. मांजराचं तर आणखी अवघड, पॅरासिटामोल पचवायची यंत्रणाच मांजराच्या लिव्हरमध्ये जवळजवळ नाही, पिल्लू असेल तर एका गोळीचा तुकडा पण जीव घेऊ शकतो. मग त्यांनी गिधाडांचं सांगितलं. डायक्लोफेनॅक दिलेली जनावरं मेल्यावर गिधाडांनी खाल्ली, किडन्या गेल्या, आणि देशातली गिधाडं जवळजवळ संपली, म्हणून 2006 साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. आईंच्या पलंगाशेजारी तेच औषध मलमाच्या ट्यूबमध्ये पण असतं. घरी जाऊन पहिली ती उचलली.

निघताना रक्त घेतलं. प्राण्यांची वेगळी लॅब जवळ नाही, नमुना माणसांच्याच लॅबमध्ये जातो. तिथल्या काउंटरवर कॉम्प्युटरमध्ये कुत्रा हा पर्यायच नव्हता, त्यामुळं पावतीवर आलं मास्टर गड्डू, वय 2 महिने, पुरुष. रिपोर्टमध्ये शेजारी नॉर्मल रेंज छापलेली ती माणसाच्या बाळाची. तुम्हाला असा रिपोर्ट मिळाला तर तो ठळक अक्षरातला जास्त-कमी बघून घाबरू नका, आकडा फक्त तुमच्या प्राण्याच्या डॉक्टरांना दाखवा. आमचा पहिला रिपोर्ट, क्रिएटिनिन (किडनीचा आकडा) 0.6, एसजीपीटी (लिव्हरचा) 38. डॉक्टर म्हणाले हा पाया, खरा रिपोर्ट 48 तासांनी.

घरी आलो तेव्हा पावणेतीन वाजले होते, रस्त्यावर शुकशुकाट, भारत-पाकिस्तान मॅच सुरू झालेली. आईंनी जेवण केलं नव्हतं. मी पण काही बोलले नाही. त्यांना वाटलं मी रागावलेय, मला वाटत होतं त्या रागावल्यात, आणि आम्ही दोघी गड्डूच्या दोन बाजूला बसून मॅच बघत होतो जी आम्हाला दोघींना कळत नाही.

सहाचा डोस. गोळी पाण्यात विरघळली की नासक्या अंड्याचा वास येतो. आमच्याकडं अंडं पण शिजत नाही, लिंगायत घर, आई कट्टर, आणि त्या नाकाला पदर लावून त्याचा जबडा धरून बसल्या. अर्धी गोळी, म्हणजे साधारण 300 मिलिग्रॅम, सिरिंजनं गालाच्या बाजूनं. हा हिशोब आमच्या गड्डूच्या वजनाचा आणि डॉक्टरांनी केलेला आहे, कृपा करून उचलून वापरू नका. पोटाच्या अस्तराचं सुक्राल्फेट सिरप होतं, ते बाकीच्या औषधांपासून दोन तास लांब ठेवायचं, नाहीतर ते बाकीची औषधं लागूच देत नाही. मी फ्रिजवर वेळापत्रक चिकटवलं. रात्री बाराचा अलार्म, पहाटे सहाचा अलार्म.

रात्री दहाच्या सुमाराला मॅच जिंकली आणि कोहलीचं शतक पण झालं, फटाके सुरू. गड्डू थरथरायला लागला आणि मला कळेना की हा फटाक्याला घाबरला का गोळीचे झटके सुरू झाले. डॉक्टरांना व्हिडिओ पाठवला. त्यांचा मेसेज आला, हाक मारल्यावर बघतोय का? बघत होता. फटाके थांबले, थरथर थांबली.

दोन गोष्टी डॉक्टरांनी शिकवल्या होत्या त्या मी दर दोन तासांनी करत होते. हिरडी बघायची, गुलाबी पाहिजे, पांढरी किंवा मातकट-चॉकलेटी दिसली तर लगेच फोन. बोटानं दाबायची, पांढरी होते, सोडल्यावर दोन सेकंदांत परत गुलाबी झाली पाहिजे. आणि शू किती वेळा, हे लिहून ठेवायचं. लेकीनं ही जबाबदारी घेतली आणि वहीत शूचा तक्ता आखला, लाल पेननं.

सोमवार दवाखान्यात. मी शाळेत अर्जंट रजा टाकली, कारण लिहिलं घरगुती. सोमवारी शी झाली, डांबरासारखी काळी. मी फोटो काढून धावले. पण चारकोलनं पण काळीच होते! आतड्यात रक्तस्राव झाला तरी काळी, औषधानं पण काळी, मग ओळखायचं कसं? डॉक्टर म्हणाले, दीड-दोन दिवस चारकोलचा काळेपणा चालेल, त्यानंतर पण काळी, चिकट आणि उग्र वासाची राहिली तर रक्त समजायचं. त्यामुळं मंगळवार हा दिवस आमच्या घरात शीची वाट बघण्यात गेला.

मंगळवारी सकाळी सहाला शेवटचा सातवा डोस झाला. मंगळवारचा रिपोर्ट संध्याकाळी आला. क्रिएटिनिन 1.1, एसजीपीटी 214. मी दवाखान्याच्या पायरीवर बसूनच राहिले. आतापर्यंत गड्डू खेळत होता, भात खात होता (काकूंनी त्यांच्या घरून उकडलेल्या चिकनचं पाणी आणून घातलं, आईंनी ते भांडं बघितलं आणि तोंड फिरवलं, नाही म्हणाल्या नाहीत), आणि कागद म्हणत होता की आत मार बसलाय. डॉक्टर म्हणाले लिव्हरचा आकडा दोन-तीन दिवसांत वर जाऊन उतरतो, किडनीसाठी अजून एक दिवस सलाईन देऊ.

बुधवारी महाशिवरात्र. आई पहाटे सिद्धेश्वराला गेल्या, गुडघे तसले आणि रांग ही एवढी, येताना रिक्षानं थेट दवाखान्यात आल्या, उपाशीपोटी, हातात बेल. गड्डू सलाईनला. त्यांनी बेलाचं पान कॅन्युलाच्या पट्टीत खोचलं. कंपाउंडर काही बोलायला गेला तर डॉक्टरांनी त्याला खुणेनं थांबवलं, मग आई चहा प्यायला बाहेर गेल्यावर हळूच काढून बास्केटमध्ये ठेवलं. संध्याकाळी कॅन्युला निघाला. गुरुवारी सकाळी लेक ओरडत आली, "आई, पिवळी झाली!" एवढ्या आनंदानं कुणी कुणाची शी बघितली नसेल.

तिसरा रिपोर्ट रविवारी, 2 मार्चला. क्रिएटिनिन 0.7, एसजीपीटी 71. लसीचा पुढचा डोस त्या आठवड्यात होता तो पुढं ढकलला, 16 मार्चला दिला.

खर्च विचाराल म्हणून. रविवारची फी 600, त्या दिवशीचं सलाईन, इंजेक्शन, चारकोल, कॅन्युला सगळं धरून 1,900, पुढचे तीन दिवस सलाईनचे 700 प्रमाणे 2,100, तीन रक्त तपासण्या 750 प्रमाणे 2,250, मेडिकल 940, रिक्षा-पेट्रोल 680. एकूण 8,470. पावत्या मी सगळ्या एका फाईलमध्ये ठेवल्यात, मास्टर गड्डूच्या रिपोर्टसकट. रविवारी कुणी फोन उचलेल असा एक डॉक्टर आणि रविवारी उघडं असणारं एक मेडिकल, हे दोन्ही आधीच माहीत करून ठेवा. गावाकडं असाल तर 1962 हा जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा नंबर आहे, तो मुख्यतः गाई-म्हशी-शेळ्यांसाठी असला तरी जवळचा डॉक्टर कोण हे तिथून कळू शकतं.

आईंच्या गोळ्या आता कपाटात, वरच्या कप्प्यात, झाकणाच्या डब्यात. स्टुलावर चढायला लागू नये म्हणून रोजची एक मी काढून देते, आणि त्या घेतली की कॅलेंडरवर पेन्सिलनं टिक करतात. हे त्यांनीच ठरवलं. परवा सहज नजर गेली, 20 तारखेच्या चौकोनात दोन टिक होत्या. डबा उघडून मोजलं, बरोबर जुळलं. मी काही बोलले नाही, हाडांच्या डॉक्टरची सोमवारची वेळ घेतली.